ग्वाल्हेरची आरोग्यशाळा आणि शहाणपणाचे दिवस

ग्वाल्हेर म्हटले की मराठी मनाला किल्ला, तानसेनाची समाधी आणि शिंद्यांची गादी आठवते. त्या संस्थानी काळापासूनच तेथे मनोरुग्णांची मानसिक आरोग्यशाळाही आहे. अशा संस्थांचे यशापयश पारखावयाचे, तर एका व्याधीचा इतिहास उपयोगी पडतो.

१८५४ साली पॅरिसच्या फाल्रे या वैद्याने 'चक्राकार वेडा'चे वर्णन केले. उन्मादाच्या भरात रोग्याला झोप नकोशी होते, बोलणे आवरत नाही, पैसा पाण्यासारखा वाहतो. विषादात अंथरूण सोडणेही जड जाते आणि जीव नकोसा होतो. या दोहोंच्या दरम्यान पुष्कळदा शहाणपणाचे दिवस येतात, हे फाल्रेने आवर्जून नोंदविले. १८९९ साली जर्मनीतील क्रेपेलिनने या व्याधीला इतर वेडांपासून निराळे काढले. आज तिला द्विध्रुवी विकार म्हणतात.

१९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड याने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचा क्षार दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचा उन्माद ओसरला होता. मात्र औषध आणि विष यांत येथे अंतर थोडे. म्हणून रक्तातील लिथियमचे प्रमाण वरचेवर तपासणे अगत्याचे ठरले. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ याने १९५४ पासून शास्त्रशुद्ध प्रयोगांनी त्याचा गुण पडताळला. पुढे दिसून आले की हे औषध नियमित घेतल्यास पुढचे झटकेही टळू शकतात. आज अन्य औषधेही आहेत. त्यांच्या जोडीला नियमित झोप, समुपदेशन आणि घरच्यांची जाण लागते.

म्हणजे हा रोगी कायमचा वेडा नव्हे; बरा झाला की त्याची जागा घरात आहे. परंतु औषध सापडल्याने कुलूप आपोआप निघत नाही. ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेच्या दुरवस्थेचा प्रश्न १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे होता. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यायालयाने ग्वाल्हेर, आग्रा आणि रांची येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णांना साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. केवळ घरचे स्वीकारीत नाहीत म्हणून कोणासही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. कायद्याने रुग्णालयाचा दरवाजा उघडता येतो. घराचा दरवाजा मात्र घरच्यांनीच उघडावयाचा असतो.