अँबॅसडरची थरथर आणि रॉबर्ट हूक

रॉबर्ट हूक म्हटले की शाळेतला स्प्रिंगचा नियम आठवतो, नाहीतर न्यूटनशी झालेले भांडण. त्याचे आणखी एक काम मला फार उशिरा कळले, आणि तेही एका अँबॅसडरमुळे. मी इतिहासाचा मास्तर, यंत्रांशी संबंध सायकलच्या पंक्चरपुरता. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

गाडी माझ्या कैलासवासी मेहुण्यांची, आता भाच्याकडे आहे. काटा साठच्या पुढे गेला की बुडाखाली थरथर सुरू. टायर बदलले, चाकांचे बॅलन्सिंग झाले, इंजिनखालची रबरे नवी घातली, पण फरक शून्य. वर्षभराने भाचा म्हणाला, "मामा, भंगारात देतो." ताई काही बोलली नाही. तिचे न बोलणे म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री सापडले. त्यांनी गाडी पासष्टपर्यंत नेली आणि न्यूट्रल केली. इंजिन शांत झाले, थरथर तशीच. म्हणजे इंजिन सुटले. चाकही नाही, कारण चाकाची थरथर संथ आणि जड असते, ही बारीक होती. चाक एकदा फिरते तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट चारपेक्षा जास्त वेळा फिरतो. मग ते गाडीखाली शिरले. शाफ्टच्या दोन टोकांना दोन 'क्रॉस' असतात आणि मध्ये दात्यांचा सरकता जोड. पूर्वी कोणीतरी तो उघडून, खुणा न जुळवता, एक दाता पुढे बसवला होता. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत नव्हते!

"एक क्रॉस चुकतो, दुसरा ती चूक फेडतो, गुरुजी. पण दोघं सरळ रेषेत पाहिजेत," मिस्त्री म्हणाले. तासाभराचे काम. गाडी ऐंशीला नेली तरी थरथर नाही. ताईच्या चेहऱ्याबद्दल लिहीत नाही.

'चूक फेडतो' हे शब्द मात्र डोक्यात राहिले. म्हणून वाचत गेलो.

युरोपात या सांध्याला कार्डानचे नाव आहे. जेरोलामो कार्डानो हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य आणि गणिती. पण त्याने वर्णन केले ते वस्तू समतोल टांगण्याच्या कड्यांचे, फिरत्या दांड्याचे नव्हे. गास्पर शॉट या जर्मन पाद्र्याने 1664 मध्ये फिरत्या सांध्याबद्दल लिहिले, पण दोन्ही दांडे सारख्याच गतीने फिरतात अशी त्याची समजूत होती. तसे नसते हे हूकने ओळखले. सांधा वाकलेला असला की पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. वाक 30 अंशांचा असेल तर सुमारे 15 टक्के जलद आणि 13 टक्के मंद.

मला सर्वात आवडले ते पुढचे. हूकने याला दोष मानलेच नाही! सूर्य एकसारखा चालतो, पण घड्याळाच्या तबकडीवरची त्याची सावली तशी चालत नाही. सावलीची ती चाल पकडायला त्याला हाच सांधा सापडला. सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरचे त्याचे पुस्तक 1676 चे. आणि जिथे एकसारखीच गती हवी तिथे मधल्या दांड्याच्या दोन टोकांना दोन सांधे लावायचे, हेही त्यानेच 1683 मध्ये सुचवले. म्हणजे मिस्त्रींचे वाक्यच की!

याचे पुरते गणित फ्रान्सच्या पाँसले यांनी 1824 मध्ये मांडले. मोटारीसाठी असे सांधे बनवायचा उद्योग अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी 1904 मध्ये सुरू केला. अँबॅसडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे हा लांब शाफ्टच नसतो.

युरोपात कार्डानचे नाव राहिले, इंग्रजीत हूकचे. न्यूटनची चित्रे हवी तेवढी मिळतात. हूकचे त्याच्या हयातीतले, खात्रीने त्याचेच म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.