बोटांची बदली

बँकेच्या नोकरीत माणसाची बदली होते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोटांचीही बदली होते, हे मात्र पंचेचाळिसावं लागल्यावर कळलं, आणि तेही मनगटाने कळवलं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमची शिनोली घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेवर. श्रावणी सोमवारी पहाटेपासून भाविकांच्या गाड्यांची रांग लागते. त्या हॉर्नच्या गजरात मी चहाचा कप उचलला आणि चहा पोटात जाण्याऐवजी पोटावर गेला. मनगटातून कळ आली होती. सौ. म्हणाली, "कामाने दुखलं म्हणावं, तर घरात तुम्ही उचलता काय?"

डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला, फक्त जरा सभ्य शब्दांत. मी म्हटलं, "आठवडाभर काउंटरवर टायपिंग करतो आणि रविवारी घरी अर्ज टाइप करून देतो." शिनोलीत ज्याच्या घरी कीबोर्ड आहे तो अर्जनवीस, असा समज आहे. पीककर्ज, वारसनोंद, डिंभे धरणात गेलेल्या जमिनीचे कागद, सगळं माझ्या ओट्यावर येतं. फी म्हणून वाटीभर हुलगे मिळतात. डॉक्टर म्हणाले, "मनगटाला विश्रांती द्या, नाहीतर कीबोर्ड बदला." विश्रांती मॅनेजर साहेबांच्या अखत्यारीतली बाब. तेव्हा कीबोर्ड बदलणं आलं.

आता, बाजारात बैल घ्यायला गेलं की दात बघतात. कीबोर्डला तर नुसते दातच असतात! मग बघायचं काय? मी ठरवलं, वंशावळ बघायची.

वंशावळ आमच्या दारापासूनच सुरू होते. जुन्नरपलीकडे नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा कोरीव लेख आहे. यज्ञात कितीशे गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी, यांचे आकडे त्यात आहेत. म्हणजे ते दोन हजार वर्षांपूर्वीचं लेजरच. ते ज्या हत्याराने कोरलं त्या छिन्नीला संस्कृतात टंक म्हणतात. टंक म्हणजे नाणंही. टाकसाळ त्यातूनच आली. आणि टाइपरायटिंगला आपण म्हणतो टंकलेखन! छिन्नी, नाणं आणि टायपिंग एका शब्दात. बँकेच्या कारकुनाची जन्मपत्रिकाच म्हणा ना. त्या नाणेघाटातल्या भावाचं मनगट किती दुखलं असेल, याची नोंद मात्र लेखात नाही. कारकुनाच्या दुखण्याची नोंद न ठेवण्याची प्रथा तेव्हापासूनची दिसते.

पुढे बोरू आला आणि मोडी आली. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात शक्य तितका कमी उचलत अक्षराला अक्षर जोडत जायचं. लिहिणाऱ्याच्या हाताची सोय बघणारी ही लिपी. वाचणाऱ्याची सोय तिने फारशी बघितली नाही. जुनी दप्तरं वाचणाऱ्या कुणालाही विचारा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मला भोवणार आहे.

कीबोर्डचा मूळपुरुष मात्र अमेरिकन. मिलवॉकी शहरातले ख्रिस्तोफर शोल्स नावाचे वर्तमानपत्रवाले; त्यांनी साथीदारांबरोबर १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं. १८७३ मध्ये ते यंत्र गेलं रेमिंग्टन कंपनीकडे. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रं करणारी. त्यामुळे १८७४ चा पहिला टाइपरायटर शिवणयंत्राच्या घोडीवर बसवलेला होता आणि ओळ संपली की पायाने पायटा दाबायचा! शिवाय अक्षरं खालून उमटत, म्हणून काय टाइप झालंय ते चार ओळी पुढे गेल्याशिवाय दिसत नसे. सरकारी फाइलचा गुण यंत्रात आधीच उतरला होता.

क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही उफराटी मांडणी तेव्हाची. शेजारशेजारच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ती केली, असं पूर्वापार सांगतात. तारमास्तरांच्या सोयीने ती घडत गेली, असं जपानमधले काही अभ्यासक म्हणतात. टंकलेखकाच्या बोटांसाठी केली, असं मात्र कुणीच म्हणत नाही. बोटं जिथे विसावतात त्या मधल्या ओळीत इंग्रजीच्या पाच स्वरांपैकी एकटा 'ए' आहे. उरलेले चारही माडीवर. १९३६ साली ऑगस्ट ड्वोरॅक या प्राध्यापकांनी सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत आणून नवी मांडणी केली. पण तोवर जगाची बोटं शोल्ससाहेबांकडे कायम झाली होती. कायम झालेल्यांना हलवणं किती अवघड, हे आमच्या शाखेत येऊन बघा.

आपल्या देवनागरीची याहून मोठी पंचाईत. बाराखड्या, जोडाक्षरं, रफार, आणि यंत्राला बटणं चाळीस-पंचेचाळीस. यंत्रात लिपी मावेना, तेव्हा लिपीच कापावी असं थोरामोठ्यांच्या मनात आलं. सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारली, म्हणजे इ-ई ऐवजी अ ला वेलांट्या. १९५३ साली लखनौच्या परिषदेने तर पहिल्या वेलांटीचीच बदली केली: अक्षराच्या डावीकडून उठवून उजवीकडे बसवली. लोकांना ते बघवेना आणि काही वर्षांतच तिला मूळ जागी परत आणलं. बदली रद्द करून घेणारी वेलांटी! कुणाचा वशिला लावला कोण जाणे.

१९५५ मध्ये गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढे गावोगाव टायपिंग क्लास निघाले. बी.कॉम. होता होता मीही अशाच एका क्लासात बसलो. पत्र्याखाली बारा यंत्रं एकदम सुरू झाली की आषाढातला पाऊस वाटायचा. मराठीची मांडणी रेमिंग्टनची. शिनोली लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, मग अर्धा श, मग त्याचा दंड. बोलताना श आधी, लिहिताना वेलांटी आधी. डोकं एकीकडे, बोटं दुसरीकडे. मास्तर मागे उभे राहून म्हणायचे, "जोर लाव, चौथ्या कार्बनवर उमटलं पाहिजे!" आठ महिन्यांत मास्तरांनी माझ्या बोटांत तो जोर भरला. आज मास्तर नाहीत. गोदरेजनेही २००९ साली टाइपरायटर करणं थांबवलं. जोर तेवढा राहिला.

बँकांत यंत्रं आली ती १९८३ च्या करारानंतर. त्याआधी संघटनांनी संगणकाला कडाडून विरोध केला होता. यंत्र माणसाची नोकरी खाईल ही भीती खरी होती. मी लागलो तेव्हा विरोध मावळून सगळ्यांसमोर कीबोर्ड आले होते. आमच्या काउंटरवर आला टीव्हीएस गोल्ड, देशभरच्या दुकानांत नि बँकांत खडखडणारा. त्याच्या प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग नि स्विच. स्वस्तातल्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली एकच रबराची चादर असते. तिथे बटण तळापर्यंत दाबावं लागतं. स्प्रिंगवाल्यात अक्षर निम्म्या वाटेवरच उमटतं आणि 'टक' असा आवाज बोटाला सांगतो, "पोचलं, परत फिर."

मी कधी परतलोच नव्हतो! माझी बोटं अजून चौथ्या कार्बनसाठी दाबत होती. बदली होऊन वीस वर्षं झाली, पण त्यांनी जुन्या जागेचा चार्जच दिला नव्हता. मनगट त्याचंच व्याज भरत होतं.

कन्येने माझं टायपिंग बघून आणखी तीन चुका काढल्या. ती सध्या लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेमागे आहे, म्हणजे घरातली ऑडिटरच. कीबोर्डचे मागचे पाय मी उभे ठेवत होतो, त्याने मनगट वर मुडपतं, पाय मिटा. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील इतकी खुर्ची वर घ्या. माउस मैलभर लांब ठेवू नका. आकड्यांची पेटी नसलेला आखूड कीबोर्ड घेतला तर माउस जवळ येतो हे खरं, पण बँकवाल्याचं त्या पेटीवाचून चालत नाही. तिच्यात सात-आठ-नऊ वर, एटीएमवर एक-दोन-तीन वर. हिशेबयंत्राचं घराणं वेगळं, टेलिफोनचं वेगळं. दोन्ही घराण्यांत नांदून माझा अंगठा आधीच भ्रमिष्ट झालाय.

म्हणजे मनगटाचा प्रश्न खुर्चीवर आणि एका साध्या स्प्रिंगवाल्या कीबोर्डवर सुटला. इथे लेख संपायला हवा होता. पण आजी आल्या.

आजी वाडीतल्या, आडनाव कुऱ्हाडे. त्यांच्या वारसनोंदीचा अर्ज मी माझ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. माझ्या प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून पेनड्राइव्हवर घालून दिला. झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्रावर तो फॉन्ट नव्हता. अशा वेळी मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं उमटतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठीचा अंगरखा घातलेली. पोराने दिसलं ते छापलं. आजींना वाचता येत नाही. भाडं खर्चून, दिवस मोडून त्या कचेरीत गेल्या आणि परत आल्या. मला म्हणाल्या, "तू येवढा विंग्रजीत लिव्हलास बाळा, आन् त्या सायबाला वाचताच येईना!"

त्या मला दोष देत नव्हत्या. माझी बाजू घेत होत्या. त्या रात्री मनगट दुखत नव्हतं, तरी झोप आली नाही. मोडीसारखं मीही हाताची सोय बघितली होती, वाचणाऱ्याची नाही.

यावर औषध जुनंच होतं. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट मांडणी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं, म्हणजे माझ्यापासून एसटीने काही तासांवर. तिच्यात स्वर नि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. दोन्ही हात वाटून काम करतात. शिनोलीला सहा बटणं, आणि वेलांटी बोलतो तशी श नंतर. युनिकोडात लिहिलेलं कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसतं. कुऱ्हाडेंच्या चंद्रकोरीसारख्या रफारासाठी नुक्त्याच्या ऱ ची स्वतंत्र सोय आहे. रेमिंग्टनची मांडणीही युनिकोडात मिळते, पण कन्या म्हणाली, "बाबा, आता बदली घेतच आहात तर पूर्ण घ्या."

घेतली. पहिले पंधरा दिवस वेग पाहून मास्तरांनी पत्र्यावर डोकं आपटलं असतं. कन्या घड्याळ लावून बसायची आणि माझ्या चुकांवर लाल खूण करायची. चुका हळूहळू उतरल्या. बोटं अजून प्रोबेशनवर आहेत, पण हलकी पडतात.

आजींचा अर्ज पुन्हा टाइप केला. या वेळी शाई विकत आणली, स्वतः छापला आणि वाचून दाखवला. आजींनी कागद डोळ्यांजवळ धरला, मोठ्या समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाल्या, "ह्या टायमाला मराठीतच लिव्हलास व्हय? बरं केलंस. सायबाला झेपंल."

नोंद झाली. हुलगे दोन वाट्या आले.