बापू नाडकर्णी : निर्धाव षटकांच्या पलीकडे

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजेच बापू, हे ४ एप्रिल १९३३ रोजी नाशकात जन्मले. १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रासला त्यांनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. १३१ चेंडूंवर एकही धाव नाही! आम्हां नाशिककरांना या आकड्याचा कोण अभिमान! सरावाला खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकीत, असे सांगतात. परंतु त्या डावात त्यांना बळी एकही मिळाला नाही, सामनाही अनिर्णित राहिला. आणि समोरचे बोलस-बॅरिंग्टन तरी कुठे मारायला निघाले होते?

आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्याच मालिकेतील कानपूर. तेथे भारतावर फॉलोऑन आला असता बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्यात नाबाद १२२ धावा काढून पराभव टाळला. पुढे १९६८ मध्ये वेलिंग्टनला त्यांनी ४३ धावांत ६ गडी टिपले. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली मालिका. त्याच दौऱ्यातील ऑकलंडचा सामना हा त्यांच्या ४१ कसोटींतील अखेरचा ठरला.