लोण्याशिवाय लोणी

आजारी माणसाला सफरचंदंच का न्यायची, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवसांत घरात नऊ किलो सफरचंदं जमली. काही मी खाल्ली, काही भेटायला आलेल्यांनीच (मला धीर देता देता) खाल्ली, आणि उरलेली भुसभुशीत व्हायला लागली. तेव्हा ही म्हणाली, "अहो, त्याचं ते बटर करू या. भाचीनं कृती लिहून दिलीय."

'ते बटर' म्हणजे ॲपल बटर. आमची भाची पेनसिल्वेनियात असते. तिनं मागं एक बाटली आणली होती. डॉक्टरांनी माझं लोणी बंद केल्याला तेव्हा चार महिने झाले होते, त्यामुळे 'बटर' हा शब्द वाचून मी कोणत्या आशेनं झाकण उघडलं असेल, ते वाचकांनीच ओळखावं. आत लोण्याचा थेंब नव्हता. थेट च्यवनप्राशासारखं काळपट तपकिरी चाटण होतं. पावाला लोण्यासारखं फासता येतं, एवढ्या पुण्याईवर त्याला बटर म्हणतात!

पुढं चौकशी करता कळलं, की फसवणूक नावापासूनच आहे. हे लोणी अमेरिकेत रुजवलं ते 'पेनसिल्वेनिया डच' लोकांनी. आणि हे डच मुळात डच नव्हेतच, जर्मन! 'डॉइच'चं झालं डच. विल्यम पेनला १६८१ साली ती वसाहत मिळाली, १६८३ साली जर्मनटाउन वसलं आणि मग अठराव्या शतकात ऱ्हाइनकाठचे शेतकरी जहाजं भरभरून आले. त्यांच्या गावाकडं सफरचंदाचा रस आटवून करतात त्याला 'आपफेलक्राऊट' म्हणतात. क्राऊट म्हणजे एरवी कोबी. म्हणजे एकाच चाटणाला तिकडं कोबी म्हणायचं नि इकडं लोणी. सफरचंदानं करावं तरी काय?

पण याच लोकांच्या बोलीत ॲपल बटरचं आणखी एक नाव आहे, 'लाटवेरिक'. ते आलं लॅटिन 'इलेक्टुआरियम'वरून. हे म्हणजे जुन्या वैद्यांचं मधात कालवलेलं औषध, आणि त्याचं मूळ ग्रीकमधल्या 'चाटणे' या धातूकडं जातं. संस्कृतातला चाटण्याचा धातू 'लिह्'. त्यावरून आपला 'अवलेह', आणि च्यवनप्राश हा अवलेहच! भाषापंडित सांगतात, की ग्रीक आणि संस्कृत हे दोन्ही धातू सख्खे भाऊ. म्हणजे बाटली उघडल्याबरोबर मला च्यवनप्राश आठवला तो काही उगीच नव्हे. मी चिडून जे म्हणालो ते व्युत्पत्तिशास्त्राला धरून होतं. हिला मात्र हे अजून पटलेलं नाही.

मुळात हा उद्योग गरजेपोटी निघाला. सफरचंदं शरद ऋतूत एकदम पिकतात आणि पुढं लांबलचक हिवाळा. साखर महाग. तेव्हा सफरचंदाचाच रस निम्म्यावर आटवायचा आणि त्यात फोडी टाकून पुन्हा आटवत बसायचं. पाणी उडून जातं, गोडी आणि आंबटपणा उरतो, आणि त्यात कीड-बुरशीचं सहसा फावत नाही. अंगणात तांब्याचा भलामोठा हंडा, खाली जाळ, आणि दिवसभर ढवळणं. क्षणभर थांबलं की बुडाला लागलंच. चटके बसू नयेत म्हणून ढवळण्याचा दांडा चांगला पुरुषभर लांब. थोडक्यात, आपलं गुऱ्हाळच!

आणि गुऱ्हाळासारखीच तिथं माणसं लागत. आदल्या रात्री शेजारपाजारचे जमून सफरचंदं सोलत. त्या फोडींना ते 'श्नित्झ' म्हणतात. सोलायचा कंटाळा मात्र सगळ्या जगात सारखाच. १८०३ साली पेनसिल्वेनियातल्याच मोझेस कोट्सनं सफरचंद सोलायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढं १८९७ साली ओहायोतल्या ऑरव्हिल गावी जेरोम स्मकरनं हे चाटण मातीच्या बरण्यांत भरून, झाकणावर स्वतःची सही करून, गाडीवरून विकायला सुरुवात केली. बरणी दारात आली आणि हंडा अडगळीत गेला.

आपल्याकडच्या सफरचंदांचीही गोष्ट पेनसिल्वेनियापर्यंत पोचते. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल स्टोक्स १९०४ साली हिंदुस्थानात आला आणि १९१६च्या सुमारास त्यानं सिमल्याजवळ कोटगढ भागात अमेरिकन लाल सफरचंदं लावली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला, आणि १९३२ साली सत्यानंद झाला. माझ्या उशाशी जमलेली लाल हिमाचली फळं त्याच घराण्यातली. म्हणजे त्यांचं बटर करणं हे एका परीनं त्यांना माहेरी पाठवणंच होतं.

तर शनिवारी रात्री जेवणं उरकून आम्ही कामाला लागलो. सफरचंदं वाफवली आणि पुरणयंत्रातून काढली. (ते यंत्र या कामासाठीच जन्मल्यासारखं चालतं.) त्यात थोडी साखर, दालचिनी, लवंग. मग सगळा गर ओव्हनच्या पसरट ट्रेमध्ये. भाचीनं लिहिलं होतं, '२५० अंश'. मी बटण २५०वर नेलंही. सुदैवानं हिनं विचारलं, "अहो, तिकडचे अंश वेगळे ना?" वेगळेच! तिकडचे २५० म्हणजे आपले १२०. हिनं विचारलं नसतं तर इतिहासाऐवजी कोळशाचा अभ्यास करावा लागला असता.

ओव्हनचा फायदा असा, की जाळ चहूबाजूंनी मंद लागतो. बूड करपत नाही, गर अंगावर उडत नाही. दर अर्ध्या तासानं एकदा ढवळलं की पुरे. हंड्याला दहा माणसं लागत, ओव्हनला एक पुरतं. मी हिला म्हटलं, "तू झोप, मी बघतो." ही म्हणाली, "टाके ओले आहेत तुमचे. तुम्हीच झोपा." शेवटी दोघंही स्वयंपाकघरात बसून राहिलो.

अर्ध्या अर्ध्या तासाच्या मधल्या वेळात करायला काहीच नसतं. तिसऱ्या ढवळणीनंतर ही एकदम म्हणाली, "तुम्हाला आत नेलं ना, तेव्हा मी बाहेर बाकावर तेरा वेळा रामरक्षा म्हटली." घरी येऊन पंधरा दिवस झाले होते, तोवर एका अक्षरानं बोलली नव्हती. हर्नियासारख्या किरकोळ ऑपरेशनला कोण एवढं घाबरतं, म्हणून मी चेष्टा करणार होतो. पण तेवढ्यात ढवळायची वेळ झाली, म्हणून बरं. उठून ढवळलं. आणि मग मीही सांगून टाकलं, की भूल देताना मला बँकेच्या लॉकरची किल्ली कुठं ठेवलीय ते तुला सांगायचं राहिलं, एवढंच आठवत होतं.

रात्री दीड वाजता बशीत चमचाभर टाकून पाहिलं. कडेनं पाणी सुटलं नाही. म्हणजे झालं. दोन किलो गराचं पाऊण किलोसुद्धा उरलं नव्हतं.

जुने लोक हे हिवाळाभर पुरवत. आमचं सोमवारपर्यंतही टिकलं नाही. दालचिनीच्या वासानं वरचे, खालचे आणि समोरचे, सगळे रविवारी सकाळी 'तब्येत कशी आहे?' विचारायला आले आणि पोळीला फासून बरणी चाटून गेले.

जाताना प्रत्येकजण म्हणाला, "पुन्हा करा हं." आणि येताना प्रत्येकानं आणली होती, अर्थात, सफरचंदं.