वैद्याची अनुकंपा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या उतारावर, गुजरातेतील डांगास लागून सुरगाणा तालुका आहे. 1948 सालापर्यंत हे एक लहानसे संस्थान होते. नार व पार या नद्या याच डोंगरांत उगम पावून पश्चिमेस वाहत जातात. कोकणा, वारली, महादेव कोळी हे येथील रहिवासी; नागली व भात ही पिके; आणि पाऊस असा की एका पाड्याचा दुसऱ्या पाड्याशी संबंध तुटावा. अशा मुलखात औषधाच्या आधी अंतराचा विचार करावा लागतो. पाड्यावरील माणूस आजारी पडला म्हणजे पुष्कळदा प्रथम बोलावणे जाते ते भगतास. शिकलेले लोक यास अज्ञान म्हणून मोकळे होतात. तथापि त्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. भगत घरात येतो, चुलीपाशी बसतो, रोग्याच्या बोलीत बोलतो व सारे गणगोत सभोवती असता आपले काम करितो. त्याच्या उपायांत गुण नसेल. त्याच्या येण्यात आहे.

अनुकंपा हा शब्द अलीकडे सरकारी नोकरीच्या अर्जातच अधिक आढळतो. पण त्याचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कंप पावणे असा आहे. चरकाने वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या, त्यांत मैत्री आणि पीडितांविषयी कारुण्य यांना प्रथम स्थान दिले. (चौथी वृत्ती उपेक्षा, म्हणजे वाचण्याची आशा नसलेल्या रोग्याविषयी अलिप्तता, ती आजच्या वाचकास खटकेल.) वैद्य रोग्याच्या घराचा उंबरठा कसा ओलांडतो यावरून त्याचे कारुण्य जितके कळते तितके त्याच्या ग्रंथांवरून कळत नाही, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्राच्या इतिहासात याची परीक्षा 1897 साली पुण्यात झाली.

आदल्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. पुण्यास साथ पोचताच सरकारने रँडच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हा हाँगकाँगचा प्लेग पाहिलेला डॉक्टर होता. म्हणजे विद्येची उणीव होती असे म्हणता येत नाही. 13 मार्चपासून गोऱ्या सोल्जरांकरवी घरांची झडती सुरू झाली. माजघर, देवघर, स्वयंपाकघर कशाचाच विधिनिषेध राहिला नाही. रोगी ओढून नेले गेले. आणि लोक रोगाहून झडतीस अधिक भिऊ लागून आजारी माणसे लपवू लागले. रोग हुडकण्याचा उपायच रोग दडविण्यास कारण झाला. शिवाय उंदरावरील पिसू हे प्लेगचे वाहन आहे, हा सिमाँचा शोध 1898 सालचा. तेव्हा ज्या शास्त्राच्या बळावर ही सक्ती चालली होती, तेही त्या वेळी अपुरेच होते. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती कथा वाचकांस ठाऊकच आहे.

झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, 10 मार्च रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव हे डॉक्टर. मायलेकांनी हडपसरच्या बाजूस, ससाण्यांच्या मळ्यात, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्यातच त्यांस रोगाची बाधा झाली. रोग्यास घरातून उचलून दूर नेणे हे काम समितीचे सोल्जरही करीत होते. येथे मात्र उचलणारीवर विश्वास होता, आणि ज्या वस्तीची सावली टाळावयाची असे समाज सांगत होता तेथील मूल तिने अंगाशी घेतले. काही वर्षांनी यशवंतरावही प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने गेले.

सुरगाण्यासारख्या मुलखाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो समजण्यास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीस जावे लागेल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे 1986 साली ‘सर्च’ ही संस्था काढली. इमारत उभारण्याआधी त्यांनी गोंड लोकांस विचारले, की तुम्हांस दवाखाना कसा हवा? मोठ्या पांढऱ्या इमारतीची लोकांस भीती वाटे. नातलगांवाचून रोगी तेथे एकटा पडे. म्हणून झोपड्यांचा, दंतेश्वरी देवीच्या नावाचा दवाखाना झाला, आणि रोग्याचे गणगोत तेथे राहू लागले. पण नवजात अर्भकाचा प्रश्न याने सुटत नव्हता. घरीच जन्मलेले, घराबाहेर न काढावयाचे ते मूल डॉक्टरकडे येणार कसे? तेव्हा 39 गावांतील स्त्रियांनाच तापमान पाहणे, वजन करणे, गुदमरलेल्या बाळास श्वास देणे, जंतुदोष ओळखून सुई टोचणे शिकविले. शेजारच्या 47 गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत 62 टक्के घट दिसली. हा वृत्तान्त 1999 साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात आला. सुई गावच्या बाईच्या हाती देणे हे कित्येक डॉक्टरांस अब्रह्मण्यम् वाटले. व्यवसायाचा मान आणि रोग्याचा जीव यांत निवड करण्याची वेळ आली असता बंग दांपत्याने जी निवड केली, तीच आम्ही अनुकंपा समजतो.

2011 पासून ही पद्धत, बरीचशी पातळ होऊन का होईना, आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर चालू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या मुलाकडे आशेने 3, 7, 14, 21, 28 व 42 या दिवशी घरी जावयाचे असते. घरी जन्मल्यास पहिल्या दिवशीही. सुरगाण्याच्या पाड्यावर नार नदीस पूर आला असता हे चालणे तिने चालावयाचे, तेही तुटपुंज्या मोबदल्यावर. बाळ कोमट लागत नाही, अंगावर ओढत नाही, असे दिसले की ती त्यास आरोग्यकेंद्राकडे पाठविते. तेथे बहुधा बंधपत्रापायी वर्षभरासाठी आलेला एखादा तरुण डॉक्टर असतो. मराठी त्याची, कोकणी बोली आईची. उशीर का केलास, हा त्याचा पहिला प्रश्न असला तर आई गप्प बसते, आणि पुढच्या खेपेस पाड्यावरून कोणी लवकर येत नाही.