फिलिप क्रूसियस : इराणच्या रेशमासाठी निघालेली जर्मन वकिलात आणि गोवा

फिलिप क्रूसियस (१५९७–१६७६) हा सतराव्या शतकातील जर्मन विधिज्ञ व मुत्सद्दी. त्याचा जन्म मार्टिन ल्यूथरच्याच जन्मगावी, आयस्लेबेन येथे झाला. कायद्याची पदवी घेतल्यानंतर तो उत्तर जर्मनीतील होलस्टाइन-गॉटॉर्प या छोट्या संस्थानाच्या सेवेत सल्लागार झाला. त्याने स्वतः भारतात कधी पाऊल ठेवले नाही. तथापि त्याच्या वकिलातीतील एक तरुण सुरत आणि गोवा येथवर पोहोचला. त्यामुळे गोमंतकाच्या इतिहासाशी या वकिलातीचा अप्रत्यक्ष संबंध जुळला.

होलस्टाइनचा ड्यूक फ्रीडरिक तिसरा याला इराणचे रेशीम रशियामार्गे आपल्या संस्थानात आणायचे होते. आखातातून जलमार्गाने होणारा हा व्यापार मुख्यत्वे इंग्रज व डच कंपन्यांच्या हाती होता. त्याला खुष्कीचा पर्याय उभा करावा, अशी ही योजना. त्यासाठी क्रूसियस आणि हॅम्बर्गचा व्यापारी ओटो ब्रुगेमान या दोघांची वकील म्हणून नेमणूक झाली. आडाम ओलेआरिउस हा वकिलातीचा चिटणीस होता; कवी पाउल फ्लेमिंग हाही सोबत होता. १६३३ मध्ये निघालेल्या मंडळींनी प्रथम मॉस्कोत जाऊन झारकडून वाटेची परवानगी मिळवली. १६३५ मध्ये दुसऱ्यांदा प्रस्थान झाले. बाल्टिक आणि कास्पियन अशा दोन्ही समुद्रांत जहाजे फुटली. अखेर ऑगस्ट १६३७ मध्ये वकिलात इराणची राजधानी इस्फहान येथे पोहोचली.

तेथे पोहोचताच मोगल बादशहाच्या वकिलाच्या माणसांशी होलस्टाइनच्या नोकरांची चकमक उडाली आणि तीत दोन्हीकडची माणसे मारली गेली. शाह सफीने वकिलातीचा सत्कार केला. परंतु रेशमाच्या व्यापारातून काहीच निष्पन्न झाले नाही. वर्षअखेर वकिलात माघारी फिरली आणि १६३९ मध्ये गॉटॉर्पला परतली. ब्रुगेमानवर अधिकाराच्या मर्यादा ओलांडल्याचे व मनमानी केल्याचे आरोप ठेवण्यात आले आणि मे १६४० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. धन्याने दिलेल्या अधिकाराची मर्यादा वकिलाने ओलांडली तर काय होते, याचे हे कठोर उदाहरण होय. सहवकील क्रूसियसला मात्र शिक्षा झाली नाही.

क्रूसियस पुढे स्वीडनच्या सेवेत गेला आणि रेव्हाल (आजचे टाल्लिन) येथे स्थायिक झाला. १६४९ मध्ये त्याला सरदारकी व ‘फोन क्रूसेनस्टियर्न’ हे नाव मिळाले. मॉस्कोला स्वीडनचा वकील म्हणून गेला असता १६५६ मध्ये युद्ध पेटले आणि सहकाऱ्यांसह त्याला तेथे दीर्घकाळ नजरकैदेत राहावे लागले. १६७६ मध्ये रेव्हाल येथे त्याचे निधन झाले. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा रशियन नौसेनानी क्रूसेनस्टर्न (१७७०–१८४६) हा त्याचाच वंशज.

वकिलातीतील योहान आल्ब्रेख्ट फोन मांडेल्स्लो याने इस्फहानहून वेगळी वाट धरली. बंदर अब्बासहून इंग्रज जहाजाने तो एप्रिल १६३८ मध्ये सुरतेस आला. तेव्हाची सुरत मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होती. आज याच शहराच्या दक्षिणेकडील उधना, भेस्तान या भागांत यंत्रमाग चालतात आणि खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही राहतात. सुरतेच्या इंग्रज वखारीतील रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, ही मांडेल्स्लोची नोंद प्रसिद्ध आहे.

अहमदाबाद व आग्रा पाहून तो सुरतेस परतला आणि इंग्रज अध्यक्ष विल्यम मेथवोल्ड याच्यासोबत जानेवारी १६३९ मध्ये गोव्यात उतरला. याच मेथवोल्डने १६३५ मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिश याच्याशी गोव्यात इंग्रज-पोर्तुगीज युद्धबंदीचा करार केला होता. १६३६ पासून डच आरमार गोव्याची वारंवार नाकेबंदी करत होते. अशा कोंडीच्या काळात हा जर्मन प्रवासी पोर्तुगीज राजधानीत आला होता.

मांडेल्स्लो १६४४ मध्ये पॅरिसमध्ये, अवघ्या २८ वर्षांच्या वयात देवीच्या रोगाने दगावला. त्याचे टिपण ओलेआरिउसने १६५८ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केले. फ्रेंच भाषांतरकार व्हिकफोर्टने त्यात इतर ग्रंथांतील बरीच भर घातली. तो जेथे गेलाच नव्हता, त्या अतिपूर्वेकडील देशांची वर्णनेही त्यात आली. १६६२ चे इंग्रजी भाषांतर याच वाढीव आवृत्तीवरून झाले. गुजरातचे इतिहासकार मा. स. कॉमिसेरियट यांनी १९३१ मध्ये पश्चिम भारताविषयीचा भाग स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गोव्याच्या इतिहासासाठी हे साधन मोलाचे आहे. मात्र ते वापरताना प्रवाशाने पाहिलेले कोणते आणि भाषांतरकाराने घातलेले कोणते, हे आधी निवडून घेणे आवश्यक ठरते. क्रूसियसच्या वकिलातीला रेशीम मिळाले नाही. तिची चिरस्थायी कमाई म्हणजे ही प्रवासवर्णनेच.