तसबीर, घरातील

तसबीर, घरातील : चित्र किंवा छायाचित्र लाकडी चौकटीत काचेखाली बसवून भिंतीवर लावण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती सामान्य घरांत पसरली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रंगीत छपाईमुळे. त्याआधी चित्र भिंतीचाच भाग असे. मेणवलीच्या नाना फडणीस वाड्यातली भित्तिचित्रे पाहिली, की अशी हौस कोणाला परवडत होती ते कळते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला खिळ्यावर टांगता येईल आणि बिऱ्हाड हलवताना बरोबर नेता येईल असे चित्र मिळाले ते छापखान्यांकडून.

पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिथे छापलेले रामपंचायतन घरोघरी गेले. राजा रविवर्मा (1848–1906) यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. ‘शकुंतला जन्म’ हे तिथले पहिले चित्र. प्लेगच्या साथीनंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे आर्थिक ओढाताणीमुळे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते.

या चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळाछापाचा दगड तयार करून एकाच कागदावर एकावर एक छाप घेत. दगड केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई. शेवटी वरून रोगण देत. काही वेळा कागदावर कॅनव्हासचा पोतही उठवत, म्हणजे लांबून तैलचित्राचा भास होई. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतींनी साडी नेसलेल्या देवीची प्रतिमा इतकी पक्की केली, की देवी वेगळी असू शकते हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. आनंद कुमारस्वामींसारख्या समीक्षकांना हे चित्रण नाटकी वाटले. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण भिंत सजवणाऱ्यांनी तो मनावर घेतला नाही.

घरात आल्यावर चित्राचे काय करायचे, हे घरच्यांनी ठरवले. हौशी बायकांनी छापील देवीच्या अंगावर कापड, जर आणि टिकल्या चिकटवून तिला सजवले, मग काच बसवली. सणावारी काचेवरच कुंकवाचे बोट उमटे. तसबीर भिंतीला सपाट न लावता वरच्या कडेने पुढे झुकवून टांगत, कारण ती उंचावर असे आणि पाहणारा सतरंजीवर बसलेला. मागच्या तिरक्या सांदीत चिमण्या घरटे करत. काड्यांचा कचरा खाली पडला तरी पिल्ले उडेपर्यंत तसबीर कोणी हलवत नसे. बाहेरच्या खोलीत देव, पुढारी आणि घरातली वडीलधारी माणसे एकाच रांगेत असत. हार फक्त देवांना आणि दिवंगतांना; हयात माणसाच्या फोटोला हार घालणे अशुभ. ही शिस्त आजही पाळली जाते. चित्र चांगले की वाईट, यापेक्षा ते कोणाचे आहे यावर त्याची जागा ठरे.

पुढे कॅलेंडरांनी तसबिरीचा बाजार आणखी स्वस्त केला. रघुवीर मुळगावकर (1918–1976) यांची गुळगुळीत कांतीची देवदेवता-चित्रे वर्ष संपल्यावर तारखांचा भाग कापून फ्रेम केली जात. पुढे फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात वारली चित्रे, निसर्गदृश्ये आणि अमूर्त चित्रे आली, देव देव्हाऱ्यात परतले. जुन्या तसबिरी मुंबईच्या चोरबाजारात आणि तिथून हॉटेलांच्या भिंतींवर पोहोचल्या.

जुन्या तसबिरीचे मुख्य शत्रू ओल, कसर आणि ऊन. कागद काचेला थेट चिकटला तर पावसाळ्यात रंगाचा पापुद्रा काचेवर येतो. म्हणून मधे पुठ्ठ्याची पट्टी देतात. विकत घेताना खालच्या कडेची छापखान्याची ओळ पाहावी, मात्र ती नक्कलेतही छापता येते. भिंगातून पाहणे जास्त खात्रीचे. शिळाछापात हाताने टाकलेले ठिपके लहानमोठे, विखुरलेले दिसतात; अलीकडच्या ऑफसेट नकलेत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते.